प्रस्तावना : सणाला तारीख कोण देतं?

२०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला, सोमवारी आली. बुलडाणा जिल्ह्यातल्या डोणगावात सकाळीच घरोघरी वावरातली काळी माती आली, पत्रावळीवर पसरली, तिच्यात गहू-जवारी पेरली गेली आणि मधोमध घट बसला. त्याच रात्री ११ वाजून ४९ मिनिटांनी सूर्याने आकाशातल्या विषुववृत्ताची रेघ ओलांडली आणि तो दक्षिणेकडे उतरला. हा शरद संपात. गावात तो कुणाच्या ध्यानात आला नाही, आणि यायचं काही कारणही नव्हतं. घट बसले होते ते अश्विन शुद्ध प्रतिपदा लागली म्हणून. सूर्य कुठे आहे हे कुणी पाहिलं नव्हतं. दोन्ही एका दिवशी आलं हा चंद्र-सूर्याच्या हिशेबातला योगायोग. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने घट ११ ऑक्टोबरवर जातात आणि संपात गणपती बसलेले असतानाच होऊन जातो.

पण जगात असेही लोक आहेत, ज्यांचा सणच संपाताला असतो. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात स्वतःला पेगन किंवा ड्रुइड म्हणवणारी ही मंडळी त्या दिवशी टेकडीवर, माळावर नाहीतर परसात गोल करून उभी राहतात, चार दिशांना हाक घालतात, कापणीच्या धान्याबद्दल जमिनीचे आभार मानतात आणि पाव वाटून खातात. त्यांच्या या सणाची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी म्हणून हा लेखसंग्रह सुरू झाला. लेख जमत गेले तसं लक्षात आलं की त्यांच्याबद्दल विचारलेला जवळजवळ प्रत्येक प्रश्न आपल्या अंगणात येऊन उभा राहतो. त्यातला सर्वांत साधा आणि सर्वांत अवघड प्रश्न या प्रस्तावनेच्या माथ्यावर आहे.

आधी संपाताचं गणित. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, सूर्य पृथ्वीच्या विषुववृत्तावर बरोबर डोक्यावर येतो. दिवस-रात्र समान, असं शाळेत शिकवतात. ते पुरतं खरं नाही. हवेमुळे सूर्यकिरण वाकतात, शिवाय सूर्याची वरची कड दिसली की आपण उगवला म्हणतो. त्यामुळे संपाताच्या दिवशीही दिवस रात्रीपेक्षा काही मिनिटांनी मोठा असतो. सप्टेंबरात खरी समानता त्यानंतर काही दिवसांनी येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अक्षांशाची. डोणगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे वीस अंशांवर आहे. इथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा पुढे जातो आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांना थोडा कमी पडतो. लंडन साडेएकावन्न अंशांवर. तिथे उन्हाळ्यात दिवस साडेसोळा तासांचा होतो आणि डिसेंबरात पावणेआठांवर येतो. संपाताच्या सुमारास डोणगावचा दिवस रोज जेमतेम सव्वा मिनिटाने आखडतो, लंडनचा चार मिनिटांनी. आठवड्यात अर्धा तास उजेड जातो. तिथल्या माणसाला अंधार चालून येताना दिसतो. आपल्याकडे तो डोळ्यांना कळतही नाही. आपल्याला कळतं ते ढग विरळ होणं, उन्हाचा चटका परत येणं आणि सोयाबीनची पानं पिवळी पडणं. त्यांचा शरद उजेडावर चालतो, आपला पावसावर. पुढचं सगळं वाचताना एवढा फरक मनाशी धरावा.

आता ड्रुइड कोण? जुने ड्रुइड म्हणजे गॉल (आजचा फ्रान्स), ब्रिटन आणि आयर्लंडातले पुरोहित, न्यायनिवाडा करणारे आणि विद्या सांभाळणारे. ज्यूलियस सीझरने लिहून ठेवलं आहे की ते आपली विद्या लिहीत नसत, पाठ करीत. कुणाकुणाला त्यासाठी वीस वर्षं लागत. इसवी सन ६० च्या सुमारास रोमन सैन्याने वेल्समधल्या अँग्लसी बेटावरचं त्यांचं ठाणं मोडलं आणि पुढे त्यांची परंपरा विरून गेली. त्यांनी स्वतः लिहिलेली एक ओळही उरली नाही. जे काही आपण वाचतो ते रोमन शत्रूंनी आणि बऱ्याच नंतरच्या ख्रिस्ती साधूंनी लिहिलेलं.

मग आजचे ड्रुइड आले कुठून? अठराव्या शतकातल्या हौशी अभ्यासकांकडून. विल्यम स्टकली या इंग्रज संशोधकाने स्टोनहेंजची शिळावर्तुळं ड्रुइडांच्या नावावर लावली. ती त्यांच्या कितीतरी शतकं आधीची आहेत हे नंतर सिद्ध झालं. त्याच शतकाच्या अखेरीस वेल्समधला एक पाथरवट पुढे आला. एडवर्ड विल्यम्स त्याचं नाव, पण कवी म्हणून तो योलो मोर्गानुग या नावाने ओळखला जाई. हा माणूस विद्वान होता, कवी होता, अफूच्या अर्काचा व्यसनी होता आणि जुन्या हस्तलिखितांच्या नकला बनवण्यात पटाईत होता. वेल्श कवींची प्राचीन सभा आपण पुन्हा भरवतो आहोत असं सांगून त्याने लंडनमधल्या प्रिमरोज हिल या टेकडीवर दगडांचं वर्तुळ मांडलं आणि मंडळी जमवली. १७९२ सालच्या अशा एका सभेची बातमी तेव्हाच्या इंग्रजी मासिकात छापून आली. सभेचा दिवस होता २२ सप्टेंबर, शरद संपाताचा.

तोच दिवस पॅरिसमध्ये वेगळ्या कारणाने गाजला. आदल्या दिवशी राजेशाही रद्द झाली होती. फ्रेंच प्रजासत्ताकाने पुढे आपली नवी कालगणना २२ सप्टेंबर १७९२ पासून मोजली आणि दर वर्षाचा आरंभ शरद संपातावर ठेवला. दिवस-रात्र समान होतात त्याच दिवशी नागरिक समान झाले, हा त्यामागचा युक्तिवाद. ती दिनदर्शिका १८०६ च्या पहिल्या दिवशी नेपोलियनने मोडीत काढली. सरकारी हुकुमाने आलेला संपात चौदा वर्षंही टिकला नाही. पाथरवटाच्या कल्पनेतला मात्र टिकला. शरद संपाताला आजचे ड्रुइड ‘अल्बन एल्फेड’ म्हणतात, ते नाव योलोच्याच कागदांतलं. आणि त्याची सभा आजही वेल्सच्या राष्ट्रीय साहित्य महोत्सवाचा मानाचा भाग आहे.

विसाव्या शतकात या धाग्याला दुसरा पीळ बसला. जॉर्ज वॉटसन मॅकग्रेगर रीड याच्या पुढाकाराने ड्रुइड ऑर्डर ही संस्था स्टोनहेंजवर दिसू लागली. तिचे पांढऱ्या झग्यांतले सभासद शरद संपाताला प्रिमरोज हिलवर जमतात. १९५० च्या दशकात जेराल्ड गार्डनरने विक्का हा जादूटोणा आणि निसर्गपूजा यांची सांगड घालणारा पंथ जगापुढे आणला. रॉस निकल्स हा त्याचा मित्र ड्रुइडांपैकी होता. या दोघांच्या वर्तुळात आठ सणांचं वर्षचक्र पक्कं झालं : दोन संपात, दोन अयनं आणि त्यांच्या मधोमध येणारे चार जुने आयरिश सण. १९६४ साली निकल्सने बार्ड, ओव्हेट आणि ड्रुइड यांची वेगळी संघटना काढली. आज घरबसल्या धडे पाठवून शिकवणारी ती सर्वांत मोठी ड्रुइड शाळा आहे. त्याच १९५० च्या दशकात इकडे दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आलं. तिकडे वर्षाचं चाक सणांनी बांधलं जात होतं, इकडे झाडांनी. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

अमेरिकेत वाट आणखी वेगळी. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात विद्यार्थ्यांना चर्चमधल्या प्रार्थनेला हजेरी सक्तीची होती. १९६३ साली काही पोरांनी तिची थट्टा करायला ड्रुइड पंथ काढला. सक्ती उठली, पण पंथ उठला नाही. खेळता खेळता काहींना त्यात खरंच काही गवसलं होतं. त्यांच्यातूनच आलेल्या आयझॅक बोनविट्झने १९८३ साली अभ्यासावर भर देणारी स्वतंत्र संस्था उभारली. संपाताच्या सणाला ‘मेबन’ हे आज सर्वत्र चालणारं नावही अमेरिकेतलंच. आयडन केली याने १९७४ च्या सुमारास ते वेल्श पुराणकथेतल्या एका पळवून नेलेल्या मुलावरून ठेवलं. म्हणजे नाव जेमतेम पन्नाशीचं आहे.

नवख्या वाचकाला या गर्दीत चार वाटा ओळखता आल्या तरी पुरे. ड्रुइडांचा कल काव्य, झाडं आणि उघड्यावरच्या समारंभाकडे. विक्कावाल्यांचा छोट्या गटांकडे, दीक्षेकडे, देव-देवीच्या जोडीकडे. नॉर्स आणि जर्मन देवतांना मानणारे हीदन संपातापेक्षा ऑक्टोबरातल्या हिवाळ्याच्या पहिल्या रात्रींना महत्त्व देतात. आणि पुराव्याशिवाय पाऊल न टाकणारे पुनर्रचनावादी तर विचारतात : जुने ड्रुइड ज्यांचे पुरोहित होते ते प्राचीन केल्ट लोक संपात पाळत होते याला आधार काय? आधार नाही. जुन्या आयरिश ग्रंथांत चार सणांचे उल्लेख आहेत, संपाताचा नाही. ब्रिस्टल विद्यापीठाचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी ‘ट्रायम्फ ऑफ द मून’ (१९९९) आणि ‘ब्लड अँड मिसलटो’ (२००९) या ग्रंथांत हे सगळं नवनिर्माण कागदोपत्री उलगडून दाखवलं. चमत्कार असा की त्यामुळे पंथ कोसळले नाहीत. बऱ्याच ड्रुइडांनी हटन यांना आपला इतिहासकार मानलं आणि म्हणाले, बरं, आम्ही हे नवं बांधलं; मग? २०१० साली ड्रुइड नेटवर्क या संस्थेला इंग्लंडच्या धर्मादाय आयोगाने धार्मिक संस्था म्हणून मान्यता दिली. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन असा लिहिला.

हा प्रांजळपणा आपण त्यांच्याकडून घेण्यासारखा. कारण इथे वाचक हमखास विचारणार, हे सगळं मुळात आपल्याकडूनच गेलं असेल ना? ही कल्पनाही आपली नाही, इंग्रजांची आहे. गॉडफ्रे हिगिन्स याने १८२७ साली जाडजूड ग्रंथ लिहून ड्रुइड हे हिंदुस्थानातून आलेल्या वसाहतींचे पुरोहित होते असं मांडलं. अभ्यासाने ते मत कधीच बाजूला टाकलं. या संग्रहातला एकही लेख त्या वाटेने जात नाही. आम्हाला कुणाचं मूळ कुणात शोधायचं नव्हतं; सण वर्षात आपली जागा कशी धरतो ते पाहायचं होतं.

त्या नजरेने पाहिलं तर आपल्याकडे तीन निरनिराळे मालक दिसतात. पहिला चंद्र. घट, दसरा, कोजागिरी हे सण त्याचे. तो दर वर्षी अकरा दिवस मागे सरकतो, मग अधिक महिना येऊन त्याला पुढे ढकलतो. दुसरा सूर्य, पण आपला सूर्य नक्षत्रांतून चालतो. मृग, आर्द्रा, मघा, उत्तरा, हस्त, चित्रा : शेतकऱ्याचा पाऊस या हिशेबाने मोजला जातो. पश्चिम महाराष्ट्रातला हादगा सूर्य हस्तात गेला की सुरू होतो, सप्टेंबर संपता संपता, आणि सोळा दिवस चालतो. पाटावर काढलेला हत्ती म्हणजे हस्ताचाच हत्ती. ड्रुइडांच्या सणाला आपल्याकडचा सर्वांत जवळचा शेजारी हाच, कारण दोघांची तारीख सूर्याच्या हातात आहे.

पण दोघांचे सूर्य एकाच ठिकाणाहून मोजलेले नाहीत. संपात नक्षत्रांच्या पार्श्वभूमीवर सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. सतराशे वर्षांपूर्वी शरद संपात चित्रेत होता. ज्ञानेश्वरांच्या काळी तो हस्तात होत असे. आज तो उत्तरात होतो. म्हणून काही हादगा हा संपाताचा विसरलेला सण ठरत नाही. हस्ताचा पाऊस हे त्याचं पुरेसं कारण आहे. मात्र नक्षत्राला बांधलेला सण ऋतूपासून हळूहळू सुटत जातो, हे खरं. उत्तरायण डिसेंबरात सुरू होतं आणि आपली संक्रांत जानेवारीत येते ती याच कारणाने. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या मराठी ग्रंथात हा घोळ मांडला आणि ऋतूंना धरून चालणाऱ्या सायन पंचांगाचा आग्रह धरला. लोकांनी तो मानला नाही. पुढे मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून १९५७ साली जी राष्ट्रीय दिनदर्शिका आली, ती मात्र सायन आहे. तिचा अश्विन दर वर्षी २३ सप्टेंबरला, म्हणजे संपाताच्या आसपासच लागतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ‘भारतीय सौर’ म्हणून बारीक अक्षरांत छापलेली ती तारीख क्वचितच कुणी वाचतं. जपानात संपाताचा दिवस राष्ट्रीय सुटीचा असतो आणि त्या आठवड्यात लोक पूर्वजांच्या थडग्यांना जातात. आपला पितृपक्षही त्याच दिवसांत येतो, पण चंद्राच्या हाताने.

तिसरा मालक पीक, आणि वऱ्हाडात तोच खरा. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई येते आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर राहते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा. संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन एका घरून दुसऱ्या घरी जातात, गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकून ठेवलेला खाऊ ओळखायचा असतो. डबा वाजवून पाहायचा, वास घ्यायचा, तिखट की गोड विचारायचं. ओळखता आला नाही तर त्या घरच्या पोरीचा मान मोठा. सासर-माहेरची सगळी दुनिया त्या गाण्यांत असते. कोजागिरीला कणसं लागलेल्या जवारीच्या पाच धांड्यांची खोपी करून तिच्यात भुलाबाई बसवतात. नवं धान्य अजून खळ्यावर यायचं असतं, पण ते कणसात आलं आहे याची ग्वाही त्या पाच धांड्यांत असते. ड्रुइडांच्या वर्तुळात मधोमध ठेवलेली गव्हाची पेंढीही तेच सांगते. घटातली उगवण पाहून रब्बीचं बी कसं आहे याचा अंदाज घेणारी बाई आणि टेकडीवर पाव मोडणारा झगेवाला, दोघं एकाच काळजीतून हात जोडतात : पुढचं वर्ष पिकेल ना?

हा विषय आताच का, याचं उत्तर याच शिवारात आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीनने खरिपाची जवारी मागे सारली. कोजागिरीच्या आसपास जिथे धांडे उभे असायचे तिथे आता सोंगणी होऊन सोयाबीनच्या सुड्या लागलेल्या असतात. पाऊसही मुक्काम वाढवू लागला. हवामान खात्याने २०२० साली वायव्य राजस्थानातून मान्सून परतायला लागण्याची सरासरी तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. जो सण सरत्या पावसाचा होता तो आता कधी कधी भर पावसात साजरा होतो. तिकडे ड्रुइडांपुढे उलटा पेच आहे. ऑस्ट्रेलियातल्या ड्रुइडांना शरद संपात मार्चमध्ये पाळावा लागतो, कारण तिथे ऋतू उलटे. आणि शहरातल्या बहुतेकांना पेंढी दुकानातून आणावी लागते. लंडन, न्यू जर्सीतली मराठी घरं भोंडल्याचा हत्ती शाळेच्या हॉलमध्ये छापील चित्रावर भागवतात. तारीख आहे, पीक नाही, अशी वेळ आता सगळ्यांवरच आली आहे.

अशा वेळी लोक काय करतात, हे या पुस्तकाने पाहायचं ठरवलं आहे. संग्रहाचा पहिला भाग संपाताचं आकाश आणि कालगणना समजावून देतो. मधला ब्रिटन-अमेरिकेतल्या पंथांचा इतिहास सांगतो, त्यांच्या बनावटी आणि भांडणांसकट. शेवटचा वऱ्हाड, खानदेश आणि परदेशातल्या मराठी घरांतल्या शरदाच्या सणांची नोंद करतो. कुठला सण जुना म्हणून मोठा, असा निवाडा यात नाही. विधी कसे करावेत याची पोथीही हे पुस्तक नाही. ज्यांना ड्रुइड व्हायचं आहे त्यांनी दुसरीकडे पाहावं. ज्यांना आपल्याच घटाखालची माती कुठून आली हे विचारावंसं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

गेल्या कोजागिरीला आमच्या गल्लीतल्या पोरी पाच धांडे शोधत हिंडल्या. तीन वावरं पालथी घातली, सगळीकडे सोयाबीन नाहीतर पऱ्हाटी. अखेर एकीने मळ्यातून मक्याची पाच ताटं उपटून आणली आणि सगळ्या ओट्यावर बसलेल्या म्हातारीपुढे जाऊन उभ्या राहिल्या : आजी, मक्याचे चालतात का? म्हातारीने ताटं हातात घेऊन वाकवून पाहिली. ‘उभे राह्यतात ना? मंग चालते,’ म्हणाली. त्या रात्री भुलाबाई मक्याच्या खोपीत बसली. कुणी सांगावं, आणखी शंभर वर्षांनी कुणी अभ्यासक येईल आणि भुलाबाईला मका हवाच, ही वऱ्हाडातली पुरातन चाल आहे असं लिहून जाईल. त्याच्यासाठी ही नोंद इथे करून ठेवतो.

— संपादक
डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलडाणा
१ चैत्र, शके १९४८ (भारतीय सौर)